‘हाकला त्याला’ म्हणायच्या आधी : नेब्रास्कातल्या मराठी हस्करप्रेमींना खुले पत्र

प्रिय मंडळी,

सप्रेम नमस्कार.

2025 च्या नोव्हेंबरातला तो शुक्रवार तुम्ही विसरला नसाल. थँक्सगिव्हिंगचा दुसरा दिवस, शेजारच्या आयोवाशी फुटबॉलची मॅच. आपल्यातले चौघे थंडीत कुडकुडत स्टेडियमवर गेलेले, बाकीचे वीस-बावीस जण लाल जर्सी घालून एकाच हॉलमध्ये दाटीवाटीने बसलेले. मिसळीचा कट गॅसवर होता. मॅच संपली तेव्हा धावफलकावर 40-16 होतं, आणि आपण 16 वाले होतो. काकूंनी कट पुन्हा गरम केला, पण पावाला कोणी हात लावेना. तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले. ग्रुपवर दोनच शब्द आले होते : ‘हाकला त्याला.’ त्याला म्हणजे आपले कोच मॅट रूल यांना. रात्रीपर्यंत त्या संदेशाखाली सतरा अंगठे जमले.

ज्यांनी तो संदेश टाकला ते काका मला वडीलधारे आहेत. या गावात माझं पहिलं बिऱ्हाड लावून देणारे तेच. त्यांचा राग मला कळतो, कारण तो माझ्याही पोटात होता. तरी मी अंगठा दिला नाही. का दिला नाही, हे दोन ओळींत सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

महाराष्ट्रातून कोणी हे वाचत असेल तर थोडं सांगतो. हे पायाने खेळायचं फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू हातात घेऊन अंगावर जायचं अमेरिकन फुटबॉल, आणि त्यातलंही कॉलेजचं. नेब्रास्का राज्यात मोठा व्यावसायिक संघ नाही. आहे तो विद्यापीठाचा, नाव कॉर्नहस्कर्स, म्हणजे मक्याची कणसं सोलणारे. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममधली तिकिटं 1962 च्या नोव्हेंबरपासून एकाही मॅचला शिल्लक राहिलेली नाहीत. मॅचच्या शनिवारी ओमाहा आणि लिंकन सोडलं तर राज्यातलं तिसरं मोठं गाव म्हणजे ते स्टेडियम. मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघासाठी घसा फोडून वाढलेला. इथे आल्यावर पहिल्याच शनिवारी मला घरी आल्यासारखं वाटलं, ते उगीच नाही.

आता मुद्द्यावर येतो. कोचच्या यशाची किती वर्षं वाट पाहायची?

मी म्हणतो, आपण दोन वेगळ्या वाटांना एकच समजतोय. खड्ड्यातला संघ चांगला होईपर्यंतची वाट एक, आणि चांगला संघ सगळ्यात वर पोचेपर्यंतची वाट दुसरी. पहिलीला मुदत हवी. दुसरीला मुदत घालू नये. नेब्रास्काने याच्या नेमकं उलट केलं, आणि त्याची किंमत आपण वीस वर्षं मोजतोय.

आपले जुने कोच टॉम ऑस्बॉर्न यांचं उदाहरण आपल्याकडे पाठ असल्यासारखं देतात. ‘ऑस्बॉर्नना बावीस वर्षं लागली, मग यालाही देऊ या.’ बावीस वर्षं लागली हे खरं. 1973 साली त्यांनी बॉब डेव्हनी यांच्याकडून संघ घेतला आणि त्यांचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं 1994 च्या हंगामात. मधल्या काळात ओक्लाहोमाकडून ओळीने पाच वर्षं हरले. 1984 च्या ऑरेंज बोलमध्ये (बोल म्हणजे हंगाम संपल्यावर निवडक संघांना मिळणारा मानाचा सामना) बरोबरीवर समाधान न मानता जिंकण्यासाठी दोन गुणांच्या जोखमीच्या चालीला गेले आणि मायामीकडून 31-30 असे एका गुणाने हरले. पुढे एकदा तर ओळीने सात बोल सामने हरले. लोकांनी त्यांना मोठी मॅच न जिंकणारा माणूस ठरवून टाकलं होतं. पण मंडळी, त्या पंचवीस हंगामांत एकाही हंगामात त्यांनी नऊपेक्षा कमी सामने जिंकले नाहीत. एकाही नाही. म्हणजे लोक थांबले ते शेवटच्या पायरीसाठी. घर बांधून झालेलं होतं, कळस बसायचा होता. ते थांबले म्हणून 1994, 1995 आणि 1997 अशी तीन विजेतेपदं दिसली. रोज गळणाऱ्या घरात बसून ऑस्बॉर्नचं नाव घ्यायचं नसतं.

आणि बांधलेलं घर आपण काय केलं? पाडलं. दोनदा.

मी 2004 च्या ऑगस्टमध्ये इथे शिकायला आलो. ज्या घराच्या तळघरात भाड्याने राहायचो, त्या आजोबांकडे डेव्हनींच्या काळापासून घरात चालत आलेली चार तिकिटं होती. त्यांच्या बायकोची तब्येत बरी नसायची, म्हणून चौथं तिकीट माझ्या वाट्याला यायचं. पहिल्या शनिवारी त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. पाहुणा संघ हरून मैदानाबाहेर जात असेल तरी उभं राहून टाळ्या वाजवायच्या. आणि आपल्या पोरांना कधी शिव्या द्यायच्या नाहीत. त्यांचा स्वतःचा राग मात्र लपत नसे, कारण आदल्या वर्षी ऑस्बॉर्ननंतरचे कोच फ्रँक सोलिच यांना काढलं होतं. सहा हंगामांत 58 विजय आणि 19 पराभव, 1999 चं बिग ट्वेल्व्ह या आपल्या तेव्हाच्या लीगचं विजेतेपद, 2001 च्या हंगामात राष्ट्रीय अंतिम सामना, आणि शेवटच्या हंगामात 9-3, म्हणजे नऊ जिंकले, तीन हरले. एवढं असताना काढलं. तेव्हाच्या क्रीडासंचालकांचं म्हणणं होतं की संघ सामान्यपणाकडे घसरू देणार नाही.

मग घसरण कशी असते ते मी माझ्या पहिल्याच वर्षी पाहिलं. टेक्सस टेकने 70-10 ने लोळवलं. हंगाम 5-6 असा संपला. 1961 नंतर पहिल्यांदा जिंकल्यापेक्षा हरलेले सामने जास्त झाले, आणि ओळीने 35 वर्षं चाललेली बोल सामन्यांची परंपरा तुटली. आजोबा टीव्ही बंद करून अंधारात बसायचे. मी वर जाऊन काय बोलावं ते मला सुचायचं नाही.

हे का झालं, ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण ‘हाकला’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांना नेमका हाच भाग दिसत नाही. ऑस्बॉर्न आणि सोलिच यांचा खेळ धावण्याचा. समोरून येणाऱ्यांना ढकलून वाट मोकळी करणारी दणकट पोरं, मागून धडक मारणारा फुलबॅक, आणि ऐन वेळी स्वतः पळायचं की चेंडू द्यायचा हे ठरवणारा क्वार्टरबॅक. त्यासाठी लागणारी कितीतरी पोरं नेब्रास्कातल्याच खेड्यांतून यायची, शिष्यवृत्ती नसतानाही. ती पहिली दोन वर्षं नुसती वजनं उचलायची, खायची, सराव करायची, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी मैदानात उतरायची. नवे कोच बिल कॅलाहन व्यावसायिक फुटबॉलमधून आलेले, त्यांचा खेळ चेंडू फेकण्याचा. म्हणजे एका रात्रीत अर्धा संघ निरुपयोगी. पोरं तीच, कष्ट तेच, पण ज्या कामासाठी शरीर घडवलं ते कामच उरलं नाही.

माझे आजोबा तालमीत जायचे. तालमी बदलत फिरणाऱ्या पोराबद्दल ते म्हणायचे, तो प्रत्येक वस्तादाकडे नमस्कारापासून सुरुवात करतो. आपल्या पोरांना आपण वीस वर्षं तेच करायला लावलंय. कॅलाहन चार हंगामांत गेले. त्यांच्या शेवटच्या हंगामात कॅन्ससने आपल्यावर 76 गुण केले. त्यांच्यानंतर बो पेलिनी आले. त्यांनी दर वर्षी नऊ किंवा दहा सामने जिंकले, सातही वर्षं. हो, विस्कॉन्सिनने दोनदा भयानक धुतलं आणि त्यांचं तोंडही फटकळ होतं. पण 2014 साली 9-3 वर त्यांना काढलं, आणि त्यानंतरच्या अकरा हंगामांत नऊ सामने जिंकणं आपल्याला एकदाच जमलंय, 2016 मध्ये.

शेजारच्या आयोवाकडे बघा. त्यांच्याशी मॅच हरल्यावर त्यांचं नाव घेणं जड जातं, पण घेऊ या. 1979 पासून त्यांचे कोच किती? दोन. हेडन फ्राय आणि 1999 पासून कर्क फेरेन्झ. फेरेन्झ यांचं पहिलं वर्ष 1-10. दुसरं 3-9. त्या दोन वर्षांनी आपण त्यांना ओमाहाच्या विमानात बसवून दिलं असतं. आयोवाने ठेवलं. तिसऱ्या वर्षी 7-5, चौथ्या वर्षी 11-2. 1998 पासून आपले कायमस्वरूपी नेमलेले कोच मोजा : सोलिच, कॅलाहन, पेलिनी, रायली, फ्रॉस्ट, रूल. सहा. 2023 मध्ये लिंकनमध्ये आयोवाकडून आपण 13-10 हरलो, शेवटच्या किकवर. 2024 मध्ये त्यांच्या मैदानात पुन्हा 13-10, पुन्हा शेवटच्या किकवर. लोक त्याला नशीब म्हणतात. मला त्यात पंचवीस वर्षं एकाच हाताखाली घोटलेली सवय दिसते.

पण थांबणं म्हणजे डोळे मिटणं नव्हे, आणि इथे मला स्वतःची चूक सांगितली पाहिजे. स्कॉट फ्रॉस्ट आले तेव्हा मी आनंदाने वेडा झालो होतो. वूड रिव्हरचा पोरगा, 1997 च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, सेंट्रल फ्लोरिडाचा संघ 13-0 करून घरी परतलेला. 4-8, 5-7, करोनाच्या वर्षी 3-5. मी थांबा म्हणत राहिलो. 2021 मध्ये 3-9, आणि नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने. मी तुम्हाला हिरिरीने सांगायचो, बघा किती जवळ आहोत, पुढच्या वर्षी पारडं फिरेल. चूक होती ती. एक-दोन मॅच थोडक्यात जातात ते नशीब. नऊच्या नऊ तशाच जातात तेव्हा किक मारणारे, ऐन वेळचे फाऊल, शेवटच्या पाच मिनिटांतली घाई, या कोचच्या हातातल्या गोष्टी बिघडलेल्या असतात. 2022 च्या ऑगस्टमध्ये डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध 28-17 ने पुढे असताना त्यांनी ऑनसाइड किक मारायला लावली, म्हणजे गरज नसताना चेंडू समोरच्याच्या हातात पडण्याचा धोका पत्करला, आणि ती मॅच 31-28 ने गेली. मी त्या दिवशी टीव्हीसमोर उभा राहिलो तो बसलोच नाही. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नने आपल्याच मैदानात 45-42 ने हरवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना काढलं. 1 ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर करार मोडल्याची भरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर येणार होती. तेवढंही थांबवलं नाही. तिथे मात्र मी विद्यापीठाला दोष देत नाही. खरं तर वर्षभर आधीच व्हायला हवं होतं.

म्हणून माझं माप असं. तीन हंगाम पूर्ण द्यायचे, त्या काळात तोंडातून ‘हाकला’ काढायचं नाही. चौथ्यात हिशोब मागायचा. चारच का, तर कॉलेजच्या पोराला खेळायला मिळतात चार हंगाम, फार तर पाच वर्षांत. कोच आल्या आल्या घाईत गोळा केलेली पहिली तुकडी सोडली, तर त्याने स्वतः शाळाशाळांत फिरून निवडलेली पोरं चौथ्या हंगामात तिसऱ्या वर्षाला असतात. त्याच्या हातची पहिली खरी भाकरी तेव्हा तव्यावरून उतरते. आणि पहिल्या तीन वर्षांत हरणं-जिंकणं मोजण्यापेक्षा तो ज्या गोष्टी शिकवू शकतो त्या सुधारतात का, ते बघायचं.

यावर आपल्यातला तरुण गट इंडियानाच्या कर्ट सिग्नेटींचं नाव फेकतो, आणि ते योग्यच आहे. 2023 मध्ये 3-9 असलेला संघ त्यांनी 2024 मध्ये, पहिल्याच वर्षी, 11-2 केला. आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आपले ओळखीचे डझनभर खेळाडू बरोबर आणले. 2018 पासून ट्रान्सफर पोर्टल आहे, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, 2021 पासून पोरांना आपल्या नावावर पैसे कमावता येतात, आणि 2025-26 पासून विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात, वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. मग चार वर्षं कशाला, असा तुमचा प्रश्न. मी ही हवा बदललेली मानतो. पण पोर्टलचं दार दोन्ही बाजूंनी उघडतं. डिलन रायोला हा आपला क्वार्टरबॅक 1 नोव्हेंबरला यूएससी म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्ध पाय मोडून बसला, आणि हंगाम संपल्यावर दुसऱ्या विद्यापीठात निघून गेला. कोच बदलला की अशी दहा दारं एका आठवड्यात उघडतात. आजच्या काळात कोच काढणं म्हणजे एका माणसाला काढणं नसतं, अख्खा संघ पुन्हा बाजारात मांडणं असतं.

मॅट रूल यांच्याबद्दल आता बोलतो, कारण ‘त्याला’ म्हणजे यांनाच. इथे येण्याआधी ते टेम्पल आणि बेलर या विद्यापीठांचे कोच होते. टेम्पलला पहिलं वर्ष 2-10, मग 6-6, मग तिसऱ्या वर्षी 10-4. बेलरला 1-11, मग 7-6, मग तिसऱ्या वर्षी 11-3. हे आकडे आपण सगळ्यांनी इतक्यांदा घोकले की तिसरं वर्ष म्हणजे नवसाचं वर्ष झालं. आपल्याकडे 5-7, मग 7-6, आणि 2016 नंतरचा पहिला बोल सामना, बोस्टन कॉलेजविरुद्ध 20-15 ने जिंकलेला. आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा 7-6. रायोलाचा पाय मोडायच्या आधी आपण 6-2 होतो, ती मॅच धरून पुढच्या पाच मॅचमध्ये एक जिंकली. पेन स्टेटकडून 37-10, आयोवाकडून 40-16, लास वेगासला युटाहकडून 44-22. मलाही ते बघवलं नाही. एक क्वार्टरबॅक गेला म्हणून बचाव एवढा फाटायला नको होता. तिथे रूल यांचं चुकलंय, आणि बचावाची जबाबदारी असलेला माणूस त्यांनी बदललाय म्हणजे त्यांनाही ते कळलंय.

ऐन हंगामात, ऑक्टोबरमध्ये, त्यांचा करार 2032 पर्यंत वाढवला, ते मला पटलं नाही. मुळात आठ वर्षांचा, सात कोटी चाळीस लाख डॉलरचा करार होताच. टेक्सस ए अँड एमने 2023 मध्ये आपले कोच जिम्बो फिशर यांना घरी बसवायला सुमारे साडेसात कोटी डॉलर कबूल केले. असे करार झाले की थांबायचं की नाही हा प्रश्न खेळाचा राहत नाही, तिजोरीचा होतो. अधीर चाहते आणि घाबरलेले संचालक मिळून ही किंमत वाढवत नेतात. आपण प्रत्येक नोव्हेंबरात आरडाओरडा करतो, दुसरं विद्यापीठ आपला कोच पळवेल अशी बातमी उठते, आणि घाईने सही होते.

म्हणून 2026 मध्ये आपण काय मागायचं, ते ओरडण्याआधी ठरवू या. 2016 च्या सप्टेंबरमध्ये ओरेगॉनला 35-32 ने हरवल्यापासून क्रमवारीतल्या पहिल्या पंचवीसपैकी एकाही संघाला आपण हरवलेलं नाही. ते झालं पाहिजे. आयोवासमोर उभं राहता आलं पाहिजे. नोव्हेंबरात संघ ऑक्टोबरपेक्षा बरा दिसला पाहिजे. एवढं झालं आणि आठ-नऊ विजय आले, तर समजा घर उभं राहिलं. मग विजेतेपदासाठी दहा वर्षं लागोत, माझी तक्रार नाही. आणि यातलं काहीच झालं नाही, तर ‘हाकला’ मी स्वतः लिहीन, आणि काकांच्या आधी लिहीन.

एक दिवस मात्र तुमच्यासमोर ठेवायचाय. 2023 चा एप्रिल, हंगामाआधीची ती आपापसातली लाल-पांढरी मॅच. रूल यांनी फ्रँक सोलिच यांना बोलावलं होतं. नेब्रास्काने काढल्यावर ते ओहायो विद्यापीठात गेले, तिथे 16 हंगाम राहिले, 115 सामने जिंकले. इथे येऊन स्वतःचा सन्मान करून घ्यायला त्यांना वीस वर्षं लागली. मी माझ्या मुलीला घेऊन गेलो होतो. आमच्या रांगेत साठी उलटलेले एक गृहस्थ होते, डोक्यावर जुनी, उन्हाने गुलाबी पडलेली टोपी. सोलिच मैदानात आले तसे ते उठले, टोपी काढून छातीशी धरली आणि दुसऱ्या हाताने मांडीवर टाळी देत राहिले, कारण टोपी खाली ठेवायला त्यांना सुचलंच नाही. मुलीने मला विचारलं, यांना का काढलं होतं? मी म्हटलं, वर्षाला नऊच मॅच जिंकले म्हणून. तिने बोटांवर मोजून बघितलं. ती पाच वर्षांची असल्यापासून नेब्रास्काने एका हंगामात नऊ मॅच जिंकलेल्या तिने पाहिलेल्या नाहीत.

माझ्या त्या घरमालक आजोबांना हा दिवस बघायला मिळाला नाही. ते 2017 साली गेले.

काका, तुमचा तो संदेश ग्रुपवरून काढा अशी माझी हात जोडून विनंती आहे, आणि अंगठे देणाऱ्या सतरा जणांनाही. नोव्हेंबरात आयोवाची मॅच यंदा त्यांच्या गावात आहे. बघायला सगळ्यांनी माझ्याकडे यायचं. कट मी करतो, कोल्हापुरी. मॅच संपल्यावर त्याच हॉलमध्ये बसून वर लिहिलेल्या एकेका गोष्टीवर मतं घेऊ, आणि जे ठरेल ते सगळ्यांच्या सहीने क्रीडासंचालकांना पाठवू. पाव किती आणू तेवढं आधी कळवा.

तुमचाच,
लिंकनमधला एक हस्करवाला